तेलाची पावडर: मायक्रोएनकॅप्सुलेशन समजून घ्या, मग मशीनचा विचार करा

व्हिडिओत आपण तेलापासून पावडर कशी बनते ते पाहिलं. या लेखात त्याचे आकडे, प्रमाण आणि हिशोब देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

ताडकळस, पूर्णा, पालम या पट्ट्यातून एक प्रश्न सारखा येतो. "सर, आम्ही जवसाचं तेल काढतो, चटणी करतो. चव चांगली आहे, गिऱ्हाईक आहे. पण दीड-दोन महिन्यांत मालाला वास येतो आणि दुकानदार पाकिटं परत करतो. तेलाची पावडर केली की ते टिकतं म्हणे. त्याचं मशीन कितीला मिळेल?"

प्रश्न चांगला आहे, फक्त उलट्या टोकाकडून विचारलाय. मशीनची किंमत ही या विषयातली शेवटची गोष्ट. त्याच्या आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. तेल खराब का होतं? पावडर त्याला नेमकी कशी वाचवते? आणि तुमच्या मालाला त्या पावडरीची खरंच गरज आहे का? कर्ज काढून मशीन आणायचं आणि नंतर ही उत्तरं शोधायची, यात घरचा पैसा अडकतो. म्हणून क्रमानं जाऊ.

१. हे तंत्र तुमच्या दुकानात आधीच आहे

दुकानातलं कार्बनलेस बिलबुक बघा. वरच्या पांढऱ्या पानावर लिहिलं की खाली गुलाबी आणि पिवळ्या पानावर आपोआप उमटतं. मध्ये कार्बन पेपर नाही, मग अक्षर कुठून आलं?

वरच्या पानाच्या मागच्या बाजूला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक गोळ्यांचा थर असतो. प्रत्येक गोळीत तेल आणि त्यात विरघळलेला बिनरंगी डाय. पेनाचा दाब पडला की गोळी फुटते, डाय खालच्या पानावरच्या लेपाला भेटतो आणि रंग दिसतो. अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी हे तंत्र विकसित केलं आणि १९५० च्या दशकात ते बाजारात आलं. त्या गोळ्यांची भिंत जिलेटिन आणि डिंकाची होती.

हेच मायक्रोएनकॅप्सुलेशन. मराठीत सांगायचं तर सूक्ष्म वेष्टण: तेलाच्या एकेका थेंबाभोवती भिंत बांधायची आणि हवी त्या वेळी ती उघडेल अशी सोय करायची. अन्नपदार्थांतल्या अशा पावडरीचा कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा.

खाण्यात हे नवीन नाही. पाकिटातलं संत्र्याच्या चवीचं सरबत, चहाच्या प्रीमिक्समधला वेलचीचा फ्लेवर, कॉफीत टाकायची क्रीमर पावडर, या सगळ्यांत तेल किंवा स्निग्ध पदार्थ असाच भिंतीत बंद केलेला असतो. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये टूना माशाच्या तेलाची पावडर घातलेला ब्रेड विकायला आला. मासळीचा वास न येता ब्रेडमधून ओमेगा-३ द्यायचं, हा त्यामागचा विचार.

२. तेल खवट का होतं?

खवटपणा म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं तेलातल्या स्निग्धाम्लांवर केलेला हल्ला. उजेड, उष्णता आणि लोखंड-तांब्याचे अंश त्याचा वेग वाढवतात. सगळी तेलं मात्र सारख्या वेगानं खराब होत नाहीत.

- शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल भरपूर. ते तुलनेनं दणकट.
- आपल्या नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, साधारण तीन चतुर्थांश. ते नाजूक.
- जवस तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३. ते सर्वांत नाजूक.

ऑक्सिजन ओढून घेण्याचा ओलेइकचा वेग १ धरला, तर लिनोलेइकचा साधारण १० ते १२ आणि लिनोलेनिकचा २० ते २५ येतो. म्हणजे ज्या गुणासाठी गिऱ्हाईक जवस मागतं, त्याच गुणामुळे जवस लवकर खवट होतं. तुमच्या हाताला काही दोष नाही, मालाचा स्वभावच तसा आहे.

३. पहिलं कॅप्सूल निसर्गानं दिलंय

आता एक गोष्ट आठवा. घरात डब्यात ठेवलेला अख्खा जवस कित्येक महिने टिकतो. त्याच जवसाचं कूट केलं की काही आठवड्यांत वास बदलतो. तेल तेच, मग फरक कशाचा?

जवसाच्या दाण्याला कडक साल असते. आत तेल मोठ्या थेंबात नसतं, पेशींमध्ये सूक्ष्म थेंबांत असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं. आपण मशीननं जे करायला निघालोय ते दाण्यानं आधीच केलेलं असतं. आपण दळतो तेव्हा ती भिंत फोडतो.

म्हणून पावडरीच्या आधी हे चार स्वस्त उपाय करून बघा:

१) दाणा अख्खा साठवा. चटणी ऑर्डरप्रमाणे छोट्या घाण्यात करा. महिन्याचा माल एकदम दळू नका.

२) भाजून झाल्यावर पूर्ण थंड होऊ द्या, मगच दळा आणि लगेच भरा. गरम कूट उघड्या परातीत पसरून ठेवणं म्हणजे खवटपणाला आमंत्रण.

३) पारदर्शक पिशवी सोडा. ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेला पाऊच घ्या, जमल्यास नायट्रोजन भरून सील करा. तेल विकत असाल तर गडद रंगाची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली.

४) पाकीट लहान करा. अर्ध्या किलोचं पाकीट गिऱ्हाईक महिनाभर उघडतं आणि बंद करतं. १०० ग्रॅमचं आठवड्यात संपतं.

चटणीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटेल. तसा सुटला तर आनंदच आहे, मशीनचे पैसे वाचले.

४. पावडर बनते कशी?

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे स्प्रे ड्रायिंग, दुधाची पावडर करतात तीच. तिचे तीन टप्पे आहेत: भिंतीचं द्रावण, इमल्शन आणि सुकवणं.

चाचणीसाठी १ किलो मिश्रणाचं प्रमाण असं धरा:

- पाणी: ६५० ग्रॅम
- भिंतीचा माल: २८० ग्रॅम
- जवस तेल: ७० ग्रॅम

भिंत आणि तेल यांचं प्रमाण ४:१ झालं. सुकल्यावर पावडरीत साधारण २० टक्के तेल राहील.

भिंतीसाठी काय वापरायचं? इथे आपल्या महाराष्ट्रातलंच काम उपयोगी पडतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, डॉ. रेखा सिंघल आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २००७ या काळात वेलची आणि जिऱ्याच्या ओलिओरेझिनवर प्रयोग प्रसिद्ध केले. ओलिओरेझिन म्हणजे मसाल्याचा तेलकट अर्क. त्यांनी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन आणि मॉडिफाइड स्टार्च एकत्र वापरून पाहिले. ४ भाग डिंक, १ भाग माल्टोडेक्स्ट्रिन आणि १ भाग मॉडिफाइड स्टार्च या मिश्रणानं नुसत्या डिंकापेक्षा चांगलं संरक्षण दिलं. उद्योजकासाठी यात दोन शिकवणी आहेत. डिंक महाग असतो आणि बराचसा आफ्रिकेतून येतो, त्याचा काही भाग स्वस्त मालानं भरता येतो. आणि योग्य मिश्रण केलं तर गुणवत्ताही सुधारते. तो अभ्यास मसाल्याच्या अर्कावरचा होता, त्यामुळे जवस तेलासाठी हे प्रमाण सुरुवात म्हणून घ्या आणि चाचणी करून पक्कं करा. आपल्या २८० ग्रॅममध्ये ते साधारण १८७, ४७ आणि ४७ ग्रॅम असं बसतं.

बांधावरच्या बाभळीचा डिंक खरवडून हे होईल का? नाही. इथे लागणारा अन्न दर्जाचा गम अरेबिक वेगळ्या जातीच्या झाडाचा असतो, गाळून साफ केलेला आणि प्रमाणपत्रासह येतो. तोच घ्या.

कृती:

१) डिंक पाण्यात टाकून रात्रभर फुगू द्या. सकाळी गाळून घ्या. मग माल्टोडेक्स्ट्रिन आणि स्टार्च मिसळा.

२) वेगानं ढवळत तेलाची बारीक धार सोडा. पांढरट, दुधासारखं मिश्रण तयार होईल. यालाच इमल्शन म्हणतात.

३) हे मिश्रण होमोजिनायझरमधून काढा. तेलाचा थेंब १-२ मायक्रॉनपर्यंत आला पाहिजे. घरच्या मिक्सरमध्ये हे होत नाही.

४) थोडं इमल्शन उंच काचेच्या ग्लासात दोन-तीन तास ठेवा. वर तेलाची साय धरली तर ते सुकवायला देऊ नका. ड्रायर बिघडलेलं इमल्शन दुरुस्त करत नाही.

५) स्प्रे ड्रायरमध्ये आत जाणारी हवा साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस आणि बाहेर पडणारी ८० ते ९० अंश ठेवतात.

इथे नेहमी विचारतात, "एवढ्या तापमानात तेल करपत नाही का?" नाही. माठातलं पाणी थंड का राहतं ते आठवा. बाष्पीभवन उष्णता ओढून घेतं. ड्रायरमधला थेंब ओला असेपर्यंत हवेइतका तापतच नाही आणि सगळं काही सेकंदांत आटोपतं. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मात्र जपा, कारण सुकलेली पावडर त्याच तापमानाच्या जवळ पोचते.

६) पावडर थंड करून लगेच फॉइल पाऊचमध्ये बंद करा. ओलावा ५ टक्क्यांच्या आत हवा.

५. चांगली पावडर कशी ओळखायची?

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पावडरीची किंमत आतल्या तेलानं ठरते आणि तिचं आयुष्य बाहेरच्या तेलानं.

सगळं तेल भिंतीच्या आत जात नाही. थोडं कणाच्या पृष्ठभागावर राहतं. त्याला कुणाचंच संरक्षण नसतं. उलट, ते इतक्या बारीक कणांवर पसरलेलं असतं की बाटलीतल्या तेलापेक्षाही लवकर खवट होतं. आतलं तेल छान असलं तरी गिऱ्हाइकाच्या नाकाला बाहेरच्या तेलाचाच वास जातो.

हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम पावडरीत एकूण २० ग्रॅम तेल आहे. प्रयोगशाळेनं पृष्ठभागावरचं तेल धुऊन मोजलं, ते ४ ग्रॅम भरलं. आत किती? १६ ग्रॅम. १६ भागिले २०, म्हणजे ८० टक्के. यालाच वेष्टण कार्यक्षमता म्हणतात. पृष्ठभागावर १ ग्रॅमच असेल तर ती ९५ टक्के होते. दोन्ही पावडरी दिसायला सारख्या, दोन्हींच्या लेबलवर "२० टक्के तेल" लिहिलेलं. पहिली लवकर परत येईल. म्हणून कुणाकडूनही पावडर विकत घेताना तेलाचं प्रमाण विचारलं की लगेच विचारा, "पृष्ठभागावरचं तेल किती?" समोरचा गडबडला तर समजून जा.

घरच्या घरी प्राथमिक तपासणी करता येते. चमचाभर पावडर टिश्यू पेपरवर ठेवा, दुसरा कागद वर ठेवून बोटानं दाबा आणि झटका. तेलकट डाग ठळक दिसला तर बाहेर तेल जास्त. ही खात्रीची चाचणी नाही, पण दोन नमुन्यांत फरक कळतो.

खवटपणासाठी प्रयोगशाळेतून पेरॉक्साइड व्हॅल्यू तपासून घ्या. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात रिफाइंड तेलासाठी १० आणि घाण्याच्या तेलासाठी १५ ही वरची मर्यादा धरतात. एक सूचना: मूळ तेलच जुनं असेल तर कितीही चांगली भिंत बांधा, तुम्ही खवट तेलच जपून ठेवताय. तेल काढल्यापासून सुकवण्यापर्यंत दिवस मोजून ठेवा.

६. भिंत कधी उघडायची आणि कशाची बांधायची?

डिंक, स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन यांची भिंत पाण्यात विरघळते. चहाच्या प्रीमिक्सला हे उत्तम: गरम पाणी पडलं की वेलचीचा वास खोलीभर. पण ओल्या कणकेत किंवा ताकात तीच भिंत लगेच विरघळते, पुढचं संरक्षण संपतं. म्हणून आधी ठरवा की तुमचा पदार्थ कोरडा राहणार की ओला.

दुसरा मुद्दा हिरव्या ठिपक्याचा. काही कॅप्सूलची भिंत जिलेटिनची असते आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं. अशी पावडर लाडवात घातली तर त्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका देता येत नाही. विकत घेताना भिंत कशाची आहे ते लेखी मागा. दूध किंवा सोयाबीनची प्रथिनं वापरली असतील तर लेबलवर ॲलर्जीची सूचना हवी. दुधाच्या प्रथिनांची भिंत जवस तेलाला चालते, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत त्यावर काम झालेलं आहे.

तिसरा मुद्दा हवामानाचा. पावसाळ्यात ही पावडर हवेतली ओल ओढते, चिकट होते, गाठी धरते. मग भिंत खचते आणि तेल बाहेर येतं. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवली तरी तेच. भरण्याची खोली कोरडी आणि साठवण थंड, एवढं तरी हवंच.

७. आता खरा प्रश्न: गिऱ्हाईक यासाठी पैसे का देईल?

प्रामाणिक हिशोब करू.

पावडर ५ ग्रॅम घेतली. त्यात २० टक्के म्हणजे १ ग्रॅम जवस तेल, त्यात निम्मं ओमेगा-३. मिळालं अर्धा ग्रॅम.

जवसाचं कूट ३ ग्रॅम घेतलं. दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास तेल, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या जवळ. त्यात निम्मं ओमेगा-३. मिळालं ०.६ ग्रॅम.

म्हणजे आजीची चमचाभर चटणी तुमच्या पावडरीपेक्षा किंचित जास्तच देते, वर तंतुमय पदार्थ आणि प्रथिनं मोफत. जवसाची चटणी खाणाऱ्या माणसाला जवस तेलाची पावडर विकायला जाऊ नका. तो हसेल आणि त्याचं बरोबर असेल.

मग पावडर कुठे चालते? जिथे जवसाचा दाणा, रंग, चव किंवा चिकटपणा चालत नाही तिथे. मुलांच्या दुधात टाकायची पावडर. ताकाचं किंवा सुपाचं प्रीमिक्स. फिकट रंगाचं बिस्कीट. तसंच जिथे तेलाचा सुगंधच विकायचाय तिथे: आलं-वेलची चहा, मसाला दूध, हळद दूध. शेजारचा वसमत भाग हळदीसाठी प्रसिद्ध आहे, वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हळद दुधाच्या प्रीमिक्सला इथे कच्च्या मालाची कमतरता नाही. फक्त हळदीचं ओलिओरेझिन काढायला द्रावकं लागतात, आगीचा धोका असतो. ते घरच्या शेडमध्ये करायचं काम नाही, तयार घ्या.

८. तीन वाटा आणि मशीनचा हिशोब

पहिली वाट: तयार फ्लेवर पावडर किंवा ओमेगा-३ पावडर विकत घ्या आणि तुमचं प्रीमिक्स बनवा. लागतं काय? ब्लेंडर, वजनकाटा, सीलिंग मशीन. सुरुवातीला माझा सल्ला हाच.

दुसरी वाट: प्रमाण तुमचं, सुकवण दुसऱ्याची. ज्यांच्याकडे स्प्रे ड्रायर आहे त्यांच्याकडून जॉब वर्क करून घ्या. आधी काय सुकवलं होतं, मशीन धुतात कसं आणि किमान किती किलोची बॅच घेतात, हे आधी विचारा.

तिसरी वाट: स्वतःचा ड्रायर. इथे एक फसवी जागा आहे. ड्रायरची क्षमता पावडरीत सांगत नाहीत, तासाला किती पाणी उडवतो यात सांगतात. "१० लिटरचं मशीन" म्हणजे तासाला १० किलो पावडर नाही. आपल्या मिश्रणात ६५ भाग पाणी आणि ३५ भाग घन माल. १० किलो पाणी उडालं तर पावडर १० गुणिले ३५ भागिले ६५, म्हणजे सुमारे ५.४ किलो. त्यातली थोडी भिंतींना चिकटते, थोडी उडून जाते. १० टक्के घट धरली तर हातात ४.८ किलो. त्यात तेल एक किलोहून कमी.

वीज बघा. एक किलो पाण्याची वाफ करायला शास्त्रानं सुमारे ०.६३ युनिट लागते. प्रत्यक्षात ड्रायर दुपटीहून जास्त खातो, लहान मशीन तर आणखी. म्हणजे तासाला १० किलो पाण्यासाठी १५ किलोवॅटच्या आसपास किंवा त्याहून जास्त भार. थ्री फेज कनेक्शन आलं. आणि बॅच चालू असताना वीज गेली तर आतला माल ओला राहून भिंतींना चिकटतो, बॅच गेली. गावातल्या फीडरवर दिवसाला किती तास सलग वीज मिळते, हे मशीनच्या कोटेशनआधी वहीत लिहा.

आता खर्च. खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी धरलेत, तुमचे दर तुम्ही भरा:

- १० किलो पावडरीचा कच्चा माल: ३,००० रुपये
- सुकवण्याची मजुरी: १,८०० रुपये
- एकूण: ४,८०० रुपये
- घट जाऊन हाती: ९ किलो
- किलोचा खर्च: ४,८०० भागिले ९ = ५३३ रुपये
- ५ ग्रॅमच्या एका मापाचा खर्च: सुमारे २ रुपये ६७ पैसे

१० नं भागलं असतं तर ४८० आले असते. किलोमागे हे ५३ रुपये विसरून भाव ठरवला तर प्रत्येक किलोला तेवढा तोटा. यात पाऊच, तपासणी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा अजून धरलेला नाही.

९. चाचणी, परवाना आणि अनुदान

चाचणीसाठी लांब जायची गरज नाही. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, स्थापना १९७२ ची. तिथलं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून आहे. अर्ज लिहून जा, विभागप्रमुखांना भेटा. जाताना तेलाची बाटली, तेल काढल्याची तारीख आणि तुमचा पदार्थ कोणता हे एका कागदावर न्या. "मला पावडर करायचीय" एवढंच सांगू नका. "माझं ताकाचं प्रीमिक्स आहे, त्यात जवस तेल घालायचंय, सहा महिने टिकायला हवं" असं सांगा. प्रश्न नेमका असला की मदतही नेमकी मिळते. तंत्रज्ञान विकत घ्यायचं असेल तर म्हैसूरची सीएफटीआरआय ही १९५० ची संस्था तंत्रज्ञान हस्तांतरण करते.

अन्नपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर होतो. "ओमेगा-३ युक्त" असं पाकिटावर लिहायचं असेल तर २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांतल्या अटी वाचा आणि तपासणी अहवाल हातात ठेवा. "हृदयविकार बरा होतो" असलं काही कधीच लिहू नका.

अनुदानाबद्दल: प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के अशी रचना आहे. अर्ज चालू आहेत का, ते कृषी विभागाच्या कार्यालयात विचारा. पण हे नीट समजून घ्या: अनुदान कर्जाला जोडलेलं आहे, रोख हातात येत नाही. ते बँकेत राहतं, आणि तीन वर्षं उद्योग चालू आणि खातं नियमित असेल तरच कर्जात वळतं होतं. ३५ टक्के मिळतात म्हणून मशीन घेणाऱ्यानं उरलेले ६५ टक्के कुठून येणार ते आधी लिहावं.

१०. या महिन्याचा गृहपाठ

१) एकाच दिवशी केलेल्या मालाची सहा पाकिटं भरा: तीन साध्या पिशवीत, तीन फॉइल पाऊचमध्ये. दोन्हींतलं एकेक पाकीट कपाटात, एकेक उन्हाच्या खिडकीत आणि एकेक फ्रिजमध्ये ठेवा. सगळ्यांवर तारीख टाका.

२) दर रविवारी घरातल्या तिघांना, पाकीट कोणतं ते न सांगता, वास घ्यायला लावा. वहीत फक्त "ठीक" किंवा "खवट" लिहा.

३) पाकिटं परत केलेल्या दुकानदाराकडे जा आणि विचारा: माल कुठे ठेवला होता, किती दिवस, ऊन लागत होतं का?

४) तुमचा पदार्थ एका ओळीत लिहा: कोरडा की ओला, किती महिने टिकायला हवा, जवसाचा दाणा त्यात चालतो की नाही.

महिन्यानंतर फॉइल पाऊचमधला माल चांगला निघाला, तर तुमचा उपाय पाऊच आहे. तोही खवट निघाला आणि पदार्थात दाणा चालत नसेल, तर पहिल्या वाटेनं सुरुवात करा आणि वही घेऊन परभणी गाठा.

तुमच्या नोंदी कमेंटमध्ये लिहा: गाव, पदार्थ आणि कितव्या आठवड्यात वास आला. पुढच्या भागात चहा आणि हळद दुधाच्या प्रीमिक्सचं प्रमाण आणि पाकिटाचा भाव कसा काढायचा ते पाहू.